बोट टेकल्यानंतर

खिशातला मोबाइल बोट टेकताच उघडतो, पण बँकेतल्या, इस्पितळातल्या किंवा स्टेशनावरच्या उभ्या टचस्क्रीनवर तेच बोट दोनदा-तीनदा दाबावे लागते. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही कोडे आहे असे कुणाला वाटतही नाही. कोडे मात्र आहे. त्या उभ्या यंत्राचा पडदा मोबाइलच्या कितीतरी पट मोठा, त्याला विजेची किंवा जागेची टंचाई नाही, आणि बोट ओळखण्याचे तंत्र तर अर्धशतकाहून जुने. इंग्लंडमधील माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधले ई. ए. जॉन्सन यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना १९६५ साली मांडली होती. तरीही मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवर ‘स्वतःचे तिकीट स्वतः काढा’ म्हणून बसवलेल्या एटीव्हीएम यंत्रांशेजारी लोकांना तिकिटे काढून देणारे मदतनीस रेल्वेला नेमावे लागले. त्यात रेल्वेचे निवृत्त कर्मचारीही आहेत. स्मार्टकार्ड जवळ नसणे, मागे रांग खोळंबलेली असणे ही कारणे त्यामागे आहेतच. पण स्वयंसेवेच्या यंत्रालाही माणूस लागतो, एवढे त्यातून दिसते.

अशा पडद्यांवरची अ‍ॅप्लिकेशन्स पुष्कळदा पाच-दहा माणसांच्या छोट्या कंपन्या बनवतात. संग्रहालयातले टच-टेबल, मॉलमधला दुकानांचा नकाशा, दवाखान्यातले नोंदणीचे यंत्र, बिल्डरच्या कार्यालयातली सदनिका दाखवणारी भिंत, हे सगळे त्यांचे काम. माझे म्हणणे असे की या कंपन्यांचा खरा माल बोट टेकल्यानंतर सुरू होतो, आणि नेमका तोच भाग दरपत्रकात कुठे लिहिलेला नसतो. जे लिहिलेले नसते त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम अर्धवट राहते. ते कसे, हे समजायला आधी काचेच्या आत डोकवावे लागेल.

बोट कुठे टेकले, हे काचेला कसे कळते?

मोबाइलच्या काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि वीजवाहक पदार्थाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते. आडवी आणि उभी पट्टी जिथे एकमेकींना छेदतात तिथे थोडा विद्युतभार साठतो. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ आले की त्या जागी साठणाऱ्या भाराचे प्रमाण किंचित बदलते. काचेमागची एक चिप ही सगळी जाळी सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहून जास्त वेळा तपासत असते. बोटाचे टोक रुंद असल्याने एकाच वेळी शेजारशेजारच्या अनेक छेदांवर कमी-अधिक परिणाम होतो. चिप त्यांचा मध्य काढते आणि ‘बोट इथे आहे’ असे सांगते. या पद्धतीला कपॅसिटिव्ह म्हणतात. तिच्यात मोजायचा बदल फारच लहान असतो. म्हणूनच स्वस्त चार्जर लावला की कधीकधी मोबाइल आपोआप काहीतरी दाबल्यासारखे करू लागतो. चार्जरमधून येणारी विजेची खरखर बोटाच्या खुणेत मिसळते. उभ्या यंत्राला नीट अर्थिंग नसेल तर तोच प्रकार तिथे होतो, आणि दोष अ‍ॅपच्या माथी मारला जातो.

पडदा मोठा झाला की अशी जाळी महाग पडते. म्हणून शाळेतले डिजिटल फळे आणि मोठ्या भिंती बहुधा इन्फ्रारेड पद्धतीच्या असतात. पडद्याच्या चौकटीत डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडणारे दिवे आणि समोरच्या बाजूला तो टिपणारे संवेदक ओळीने बसवलेले असतात. बोटाने किरण अडवले की आडव्या ओळीतली एक आणि उभ्या ओळीतली एक अशा दोन सावल्यांवरून जागा कळते. पण इथे काचेला स्पर्श व्हायचीही गरज नसते. साडीचा पदर, शर्टाची बाही, चौकटीत साचलेली धूळ, काचेवर बसलेली माशी यांतल्या कशानेही किरण अडू शकतो. शिवाय दोन बोटे टेकली तर दोन आडव्या आणि दोन उभ्या सावल्या पडतात आणि त्यांचे छेद होतात चार. त्यांतले दोन खरे, दोन भुताचे. हा घोळ निस्तरण्यासाठी चांगल्या चौकटी तिरपे किरणही तपासतात. स्वस्त चौकटी फसतात. खिडकीतून थेट ऊन आले तर संवेदक दिपतात ते वेगळेच.

म्हणजे चुकीच्या जागी चुकीची काच, हे आपल्या कोड्याचे एक उत्तर झाले. पण ते पुरत नाही. उत्तम काच लावलेली यंत्रेही लोकांना चिडवतात.

मधला वेळ

चिपने सांगितलेली जागा केबलमधून संगणकात जाते, विंडोज किंवा अँड्रॉइडसारखी प्रणाली ती अ‍ॅपकडे सोपवते, अ‍ॅप काय करायचे ते ठरवते, नवे चित्र तयार होते आणि शेवटी पडद्यावर उमटते. पडदा सेकंदाला साठ वेळा बदलत असेल तर चित्राच्या एका बदलालाच सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याने थोडा थोडा वेळ खाल्ला की बेरीज सहज १०० मिलिसेकंदांवर जाते. सेकंदाचा दहावा भाग ऐकायला किरकोळ वाटतो. पण मोठ्या पडद्यावर एखादे छायाचित्र बोटाने सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने ओढले, तर तेवढ्या वेळात बोट ५ सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि चित्र मागे रखडते. डोळ्यांना ते लगेच खुपते.

बटण दाबताना हाच उशीर जास्त नडतो. दाबून काही घडले नाही असे वाटले की माणूस पुन्हा दाबतो. तोवर पहिल्या दाबाने नवे पान उघडलेले असते, आणि दुसरा दाब त्या पानावर नेमक्या त्याच जागी असलेल्या बटणावर पडतो. हवा होता मराठीचा पर्याय, आणि उघडली तक्रारवही! यावर महाग यंत्राची गरज नाही. बोट लागताक्षणी बटणाचा रंग बदलायचा, मग माहिती यायला दोन सेकंद लागले तरी चालतील. आणि नवे पान आल्यावर क्षणभर येणारे दाब मोजायचेच नाहीत. प्रोग्रामच्या थोड्याच ओळींचे हे काम. पण त्या ओळी लिहायला हव्यात हे कळण्यासाठी कुणीतरी तासन्‌तास बाजूला उभे राहून अनोळखी माणसे यंत्र कसे वापरतात ते पाहिलेले असावे लागते.

असे पाहणे किती उपयोगी पडते याचा एक जुना पुरावा आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात बेन श्नाइडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली बटण नेमके केव्हा दाबले गेले असे धरावे, याच्या तीन रीती तपासल्या. बोट प्रथम जिथे टेकले तिथेच निवड करायची, बोट सरकत जाऊन ज्या पहिल्या पर्यायाला लागेल तो घ्यायचा, किंवा बोट जिथून उचलले ती जागा धरायची. तिसऱ्या रीतीत चुका कमी झाल्या, कारण माणसाला काच न सोडता बोट सरकवून चूक सुधारता येते. आज आपल्या मोबाइलवर बहुतेक बटणे बोट उचलल्यावरच काम करतात. यात काच बदलली नाही, नवे यंत्र आले नाही. ‘दाबणे’ म्हणजे काय, याची व्याख्या बदलली.

मालकाचे बोट आणि परक्याचे बोट

मोबाइल आणि भिंतीवरचा पडदा यांतला सर्वांत मोठा फरक तांत्रिक नाहीच. मोबाइलला एक मालक असतो. तो त्याच्या खोडी शिकून घेतो, आठवडाभरात दोघांचे जमते. सार्वजनिक पडद्यापुढे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदाच आलेला असतो, उभा असतो, घाईत असतो आणि त्याच्यामागे लोक उभे असतात. त्याला शिकवायला वेळ नाही. म्हणून मोबाइलवर सर्रास चालणाऱ्या क्लृप्त्या, म्हणजे कडेवरून आत सरकवणे, लांब दाबून धरणे, तीन रेघांच्या चिन्हामागे यादी लपवणे, इथे उपयोगाच्या नसतात. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बटणासाठी निदान ९ मिलिमीटर जागा सुचवलेली असते. उभ्याने, हात लांब करून दाबणाऱ्या माणसाला त्याहून मोठी लागते. आणि सरळ उभ्या पडद्यावर हात फार वेळ अधांतरी धरवत नाही. या दुखण्याला इंग्रजीत ‘गोरिला आर्म’ असे गमतीदार नाव पडले आहे.

आणखी एक गोष्ट मोबाइलवाल्याला कधी सुचणारही नाही. माणूस मधूनच निघून जातो. गाडी आली, मूल रडले, कंटाळा आला. पुढचा माणूस येतो तेव्हा पडद्यावर चौथे पान उघडे असते, तेही कानडीत. म्हणून अशा प्रत्येक अ‍ॅपमध्ये, ठरावीक वेळ स्पर्श झाला नाही तर मुखपृष्ठावर परतायचे, असे घड्याळ ठेवतात. ते किती वेळाचे ठेवावे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न बराच छळतो. वीस सेकंद ठेवले तर सावकाश वाचणाऱ्या आजींच्या डोळ्यांदेखत पान उडून जाते. दोन मिनिटे ठेवली तर पुढचा माणूस कुणाचा तरी अर्धवट भरलेला अर्ज वाचत बसतो; त्यात नाव असते, आजार असतो. नोंदणीच्या यंत्रावर वेळ कमी हवा, संग्रहालयात जास्त, आणि दोन्हीकडे पान बदलण्याआधी ‘अजून वाचताय का?’ असे विचारायला हवे.

टच-टेबलाची अडचण निराळी. कॅरमच्या पाटाला डोके-पाय नसतात, चारही बाजूंनी खेळणाऱ्याला तो सारखाच दिसतो; पडद्यावरच्या मजकुराला मात्र वरची बाजू असतेच. चौघे जण टेबलाभोवती उभे राहिले की मजकूर कुणाकडे तोंड करून दाखवायचा? कोणते बोट कुणाचे, हे काचेला ठाऊक नसते. मित्सुबिशीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २००१ साली जाहीर केलेल्या डायमंडटच टेबलाने हेही ओळखून दाखवले होते. टेबलातून निघणारा क्षीण विद्युतसंकेत स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून त्याच्या खुर्चीत जायचा, आणि कोणत्या खुर्चीला संकेत पोहोचला त्यावरून माणूस कळायचा. तंत्र सुंदर, पण संग्रहालयात खुर्च्यांवर शिस्तीत कोण बसणार? म्हणून छोट्या कंपन्या साधा मार्ग घेतात. स्पर्श ज्या कडेजवळ झाला त्या कडेकडे तोंड करून पान उघडायचे, आणि ते बोटाने फिरवता येईल असे ठेवायचे.

> चौकट : चांगल्या सार्वजनिक पडद्याची साधी परीक्षा
> बटणाला बोट लावून धरा. रंग लगेच बदलतो का ते पाहा. बोट न उचलता बाजूला सरकवा आणि सोडा. बटण दाबले न जाता सुटले पाहिजे. मराठी निवडून तीन पाने पुढे जा आणि मध्येच इंग्रजी डोकावते का ते पाहा. नंतर बाजूला होऊन थांबा, पडदा आपोआप पहिल्या पानावर आला पाहिजे. शेवटी, जमल्यास, लाईट गेल्यावर आणि परत आल्यावर यंत्र माणसाच्या मदतीशिवाय सुरू होते का, ते तिथल्या शिपायाला विचारा. त्याला नक्की माहीत असते.

वेलांटीची जागा

मराठी पडद्यांवर आणखी एक अडचण येते. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या साठवणीत आधी ‘क’ आणि मग वेलांटी असा क्रम असतो, पण दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरांतही अक्षरांची रूपे बदलतात. हे काम मजकूर मांडणारा वेगळा प्रोग्राम करतो. ब्राउझरमध्ये आणि मोबाइलच्या प्रणालीत तो असतोच. परंतु टच-टेबलासारखी हलती-फिरती अ‍ॅप्लिकेशन्स पुष्कळदा युनिटीसारख्या, मुळात खेळांसाठी बनवलेल्या इंजिनात तयार होतात, आणि त्यांच्या नेहमीच्या मजकूर-साधनांत देवनागरीची ही जुळणी अनेक वर्षे नीट होत नव्हती. परिणाम म्हणजे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी. घाईत असलेली कंपनी मग मराठी मजकुराची चित्रेच करून चिकटवते. उद्घाटनाला ते झकास दिसते. सहा महिन्यांनी वेळापत्रक किंवा एखादे नाव बदलायचे झाले की ग्राहकाला कळते, अक्षर बदलता येत नाही, चित्रच नव्याने करावे लागेल. मग कागद छापून काचेवर चिकटवला जातो.

सहा माणसांचा हिशेब

हे सगळे ठाऊक असूनही कंपन्या ते का करत नाहीत? आळस हे उत्तर सोपे आहे, पण हिशेब मांडला की ते टिकत नाही. समजा, सहा माणसांची कंपनी आहे आणि पगार, भाडे धरून महिन्याचा खर्च पाच लाख. संग्रहालयाच्या एका टेबलाचे काम तिने बारा लाखांना घेतले, दोन महिन्यांत होईल या बेताने. खर्च दहा, उरतील दोन. प्रत्यक्षात दालनाचे रंगकाम लांबते, मजकूर तपासणाऱ्या समितीची बैठक पुढे जाते, ‘तेवढा एक व्हिडिओ घाला’ असे तीनदा होते, आणि काम तीन महिन्यांवर जाते. खर्च पंधरा, तीन लाख खिशातून गेले. त्यातही शेवटचा हप्ता हस्तांतरणानंतर, म्हणजे केव्हातरी. ज्या आठवड्यात अनोळखी लोकांना यंत्र वापरू देऊन निरीक्षण करायचे होते, नेमका तोच आठवडा आधी कापला जातो, कारण तो कापल्याचे उद्घाटनाच्या दिवशी कुणाला दिसत नाही.

यातून तग धरणाऱ्या कंपन्या दोन गोष्टी करतात. पहिली म्हणजे प्रत्येक कामात पुन्हा लागणारा भाग, जसे बोटांच्या हालचाली ओळखणे, मुखपृष्ठावर परतण्याचे घड्याळ, देवनागरीची जुळणी, ग्राहकाला स्वतः मजकूर बदलता येईल अशी सोय, हे सगळे एकदाच नीट बांधून स्वतःकडे ठेवतात. पुढचे टेबल मग दोन महिन्यांऐवजी दीड महिन्यात होते आणि वाचलेला वेळ तपासणीला देता येतो. म्हणूनच करारातले ‘संपूर्ण सोर्स कोड ग्राहकाच्या मालकीचा’ हे वाक्य त्यांना इतके बोचते. सही केली तर दर वेळी पाया नव्याने खणायचा. दुसरी गोष्ट म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात. दहा ठिकाणांहून वर्षाला लाख-लाख आले तर दोन महिन्यांचे पगार सुटतात. आणि देखभाल इथे शोभेची नाही. अ‍ॅप दर मिनिटाला एक मेगाबाइट स्मृती वापरून परत करायला विसरत असेल, तर दहा तासांच्या दिवसात ६०० मेगाबाइट अडकतात, आणि यंत्र रात्री बंद होत नसेल तर आठवड्यात सुमारे दहा गिगाबाइट. मोबाइलवरचे अ‍ॅप आपण सतत बंद करतो म्हणून तिथे ही गळती कळत नाही. किऑस्कवर, म्हणजे अशा सार्वजनिक उभ्या यंत्रावर, आठव्या दिवशी पडदा गोठतो.

मोठ्या कंपन्यांनी का नाही केले?

हा आक्षेप रास्त आहे: काम इतके नाजूक असेल तर ते छोट्यांवर का सोडावे? इतिहास असा की मोठ्यांनी स्पर्शाचे तंत्र विकत घेतले, जागोजागची अ‍ॅप्लिकेशन्स मात्र त्यांच्या हाती फारशी लागली नाहीत. डेलावेअर विद्यापीठातले वेन वेस्टरमन आणि जॉन इलायस यांची फिंगरवर्क्स ही चिमुकली कंपनी अनेक बोटे ओळखणारे कीबोर्ड बनवत असे. २००५ साली अ‍ॅपलने ती घेतली आणि दोन वर्षांनी आयफोन आला. न्यूयॉर्कच्या जेफ हान यांच्या परसेप्टिव्ह पिक्सेलच्या भिंती २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत सीएनएनवर गाजल्या. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली. त्याच मायक्रोसॉफ्टने २००७ साली कॅमेऱ्यांनी बोटे पाहणारे, सुमारे दहा हजार डॉलरचे ‘सरफेस’ टेबल जाहीर केले होते. कौतुक खूप झाले, पण टेबल घरोघर काही गेले नाही, आणि पुढे ते नावही टॅबलेटला देण्यात आले. काच आणि चिप लाखोंनी विकता येते. एका संग्रहालयाचा मजकूर, एका इस्पितळाची रांग, एका स्टेशनाची घाई ही दर वेळी वेगळी असते आणि एकदाच विकली जाते.

याच्या उलट आयडियमचे उदाहरण. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात काम केलेले जिम स्पाडाचिनी यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली. न्यू मेक्सिकोतल्या या कंपनीने आधी संग्रहालयांसाठी संकेतस्थळे आणि प्रदर्शने केली, नंतर स्वतःची टच-टेबले बनवली, आणि अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मदतीने संग्रहालयांना वापरता येईल असा सामाईक सॉफ्टवेअर-संच उभा केला. म्हणजे पाया एकदा बांधायचा, टेबलही विकायचे आणि त्याच ग्राहकांकडे पुन्हा जायचे. तिच्यामागे संग्रहालयांना नियमित पैसा देणारी व्यवस्था होती, हे मात्र विसरून चालणार नाही.

‘आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे ना!’

दुसरा आक्षेप याहून धारदार. क्यूआर कोड लावा, लोक आपापल्या मोबाइलवर पाहतील. तिकिटांचे तर बरेचसे तसे झालेच आहे. जिथे काम एकट्याचे आणि ओळखीचे आहे तिथे हा आक्षेप मान्य करावा, आणि तिथे किऑस्क बसवूच नये. रोजचे तिकीट, बिल भरणे, पासबुकातली शिल्लक यांना मोबाइल बरा. पण इस्पितळात पहिल्यांदा आलेल्या, हातात फाइल आणि कडेवर मूल असलेल्या माणसाला अ‍ॅप उतरवून घे म्हणणे अन्याय आहे. आणि संग्रहालयात शाळेची मुले एका टेबलाभोवती जमून किल्ल्याचा नकाशा ओढाताण करत फिरवतात, तेव्हा तो अनुभव चाळीस छोट्या पडद्यांत वाटता येत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा असतो, की अभियांत्रिकीची मुले हे पंधरा दिवसांत करून देतात. देतातही. त्यांचे अ‍ॅप पंधरा दिवसांपुरते चांगलेही असते.

दरपत्रकातली ओळ

मग खरेदी करणाऱ्याने काय बदलावे? सरकारी आणि पालिकेच्या कामांत पडद्याचे इंच, संगणकाची स्मृती आणि हमीची वर्षे काटेकोर लिहिलेली असतात, आणि पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते. इंच मोजता येतात म्हणून इंचच लिहिले जातात. पण प्रतिसादाचा वेळही मोजता येतो. अनोळखी वीस माणसांपैकी किती जणांनी कुणाला न विचारता काम पुरे केले, हेही मोजता येते. वर्षात किती दिवस पडदा चालू होता, याची नोंद यंत्र स्वतःच ठेवते. रकमेचा एक भाग उद्घाटनाऐवजी या नोंदीवर, वर्षभरात चार हप्त्यांनी देता येईल.

यात खरी अडचण दरापेक्षा लेखाशीर्षाची आहे. यंत्र घेणे हा भांडवली खर्च, देखभाल हा महसुली. पहिल्याला निधी येतो, दुसऱ्याला दर वर्षी नव्याने मागावा लागतो आणि बहुधा मिळत नाही. म्हणून आठ पडद्यांचे दालन थाटात उघडते आणि तिसऱ्या वर्षी त्यांतले दोन चालू असतात. त्याच पैशांत तीन पडदे घ्यावेत आणि उरलेली रक्कम पाच वर्षांच्या देखभालीसाठी मूळ कंत्राटातच बांधून टाकावी. म्हणजे देखभालीसाठी दर वर्षी वेगळी मागणी करावी लागणार नाही, आणि सहा माणसांच्या त्या कंपनीला पाचव्या वर्षीही फोन उचलायला कारण राहील.